वाघमारे सिस्टरांचं ‘समजा’

मी आज नर्सिंगची पदवी घेऊन पगारावर आहे, तो वाघमारे सिस्टरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पहिल्याच वर्षी इंग्रजीला घाबरून मी बॅग भरली आणि पाचोडच्या गाडीत जाऊन बसलो. मित्राकडून कळताच सिस्टर बसस्टँडवर हजर.

“समजा तू गेलास,” खिडकीखालून त्या म्हणाल्या, “आन् समजा उद्या तुझ्याच गावात जीप उलटली. तिथं कोण धावणार? उतर खाली.”

मी उतरलो. रोज दुपारी समोर बसवून त्यांनी माझ्याकडून इंग्रजी वाचून घेतलं.

आमचं कॉलेज छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयाला जोडलेलं, पुढे मी तिथंच लागलो. त्या तिथल्या अपघात विभागाच्या इन्चार्ज. कँटीनमध्ये कुणी घास उचलला, की समोर येऊन बसत.

“समजा वाळूजच्या कंपनीत आत्ता गॅस सुटला. शिफ्टची बस भरून माणसं दारात आली. तुमचं पहिलं काम?”

“हात धुणं,” नवे डॉक्टर म्हणाले.

“नळाला पाणी आहे का, ते पाहिलं?”

डॉक्टरांनी पाहिलं. नव्हतं. तेव्हापासून ते डबा घरूनच आणू लागले आणि गच्चीवर जाऊन खाऊ लागले.

आपत्तीसाठी आपण किती तयार आहोत, हे विचारणारी प्रश्नावली वरून यायची. सगळे ‘पूर्ण तयार’वर खूण करून मोकळे होत. सिस्टरांचा त्यावर काडीचा भरवसा नव्हता. “कागदावर समदेच तयार असतेत,” म्हणत त्या रंगीत तालीम घेत. खोबरेल तेलात कुंकू कालवून रक्त व्हायचं. नर्सिंगच्या मुली गळ्यात कार्ड अडकवून अंगणात आडव्या पडायच्या. कार्डावर दुखणं लिहिलेलं, सोबतच्या नातेवाइकासकट.

एकदा वॉर्डबॉय मामांनी मध्येच विचारलं, “सिस्टर, मेलेल्या पोरीला चहा द्यायचा का?”

“द्या. पण तिनं उठायचं नाय.”

स्वतः सिस्टर मात्र कायम एकच काम करीत. बाकावर गप्प बसलेली बाई. कार्डावर ‘पोटाला डावीकडं मार, ओरडत नाही.’ आम्ही सगळे किंचाळणाऱ्यांकडे धावायचो. शेवटी त्या उठून टाळी वाजवत. “मी मेले! पुन्हा घ्या. ओरडणाऱ्यात दम तरी आहे. गप्प बसलेल्याला आधी बघा.”

खरं दुखणं त्यांना वेगळंच होतं. पित्ताशयात खडे. सर्जन सर भेटतील तिथं बजावत, “सिस्टर, आता थांबू नका. एखाद्या दिवशी जिवावर बेतेल.” सिस्टरांचं उत्तर तयार असे. “समजा मी टेबलावर हाय, आन् बाहेर बस उलटली!” आम्ही हसायचो.

त्या निवृत्त व्हायच्या आठवड्यात शेवटची तालीम झाली. शिटी वाजली तसा मी सरळ बाकाकडे गेलो. नाडी धरली.

“कुठं दुखतंय?”

कार्डावर डावी बाजू होती. त्यांचा हात उजवीकडे, बरगडीखाली होता. कपाळावर घाम होता, आणि तो लावलेला नव्हता.

“सोबत कोण आहे?” मी ठरलेला पुढचा प्रश्न विचारला.

“कोणी नाय.”

“सिस्टर, कार्डावर ‘मुलगा’ आहे.”

“लिहायला काय जातंय, लेकरा,” त्या हळूच म्हणाल्या. “ऑपरेशनच्या कागदावर सही करायला कुठून आणू?”

मी काही बोलायच्या आत त्या उठल्या आणि टाळी वाजवली. “आज मी वाचले! चला, बाकीच्यांकडे पळा!”

त्या निवृत्त होऊन घरी बसल्या. ऑपरेशनचं नाव नाही. फोन केला असता, तर त्यांनी मला ‘समजा’मध्ये गुंडाळलं असतं. म्हणून पत्र पाठवलं.

“आदरणीय सिस्टर,
सप्रेम जयभीम.

समजा, येत्या सोमवारी तुमचं ऑपरेशन आहे. सर्जन सरांशी बोललो आहे, ते तयार आहेत. समजा, तेवढ्यात बाहेर बस उलटली. बाकाकडे आधी जायचं, हे आता मामांनासुद्धा पाठ आहे. समजा, नळाला पाणी नाही. पिंप भरून ठेवलं आहे.

मी रजा टाकली आहे. आई पाचोडहून येते आहे, ती तुमच्यापाशी राहील.

तुम्ही फक्त यायचं. सोबत कोण, असं विचारलं तर माझं नाव सांगा. नातं विचारतील, तेव्हा कार्डावरचंच उत्तर द्या.

तुमचा,
संतोष”