गाडी उभी, तर इंजिन बंद!

"यंदा मंडपासमोर एक जरी गाडी इंजिन सुरू ठेवून उभी राहिली, तर नाव बदलीन!"

वाशीच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये अरविंदरावांनी टेबलावर मूठ आपटली. चहाचा कप दचकला, पण माणसांनी माना डोलावल्या. कारण गेल्या रामनवमीची आठवण सगळ्यांनाच होती. कीर्तन ऐन रंगात, बुवांनी तान उचलली, आणि बाहेर उगाच घुरघुरत उभ्या असलेल्या ट्रकने असा काळा लोट आत सोडला की तान गेली खोकल्यात आणि रामजन्म झाला ठसक्यात!

कीर्तन म्हणजे अरविंदरावांचा जीव की प्राण. त्यांनी स्वतः ब्रश धरून बोर्ड रंगवला: 'गाडी उभी, तर इंजिन बंद! हुकमावरून.'

"हुकूम कुणाचा म्हणे?" त्यांच्या पत्नी चारुलताबाईंनी विचारलं.

"प्रत्यक्ष रामाचा!"

"बरं. घरात तरी माझाच चालतो," असं म्हणून बाई सुंठ कुटायला बसल्या.

यंदाचे बुवा सीतारामबुवा. तीन वर्षं पत्रं पाठवून तारीख मिळालेली! त्यांना उरणहून आणायला अरविंदराव सकाळीच देवजीचा टेम्पो घेऊन गेले. बुवा पुढे अरविंदरावांशेजारी बसले, मागे पेटीवाले आणि तबलजी. बुवांचा देह भरघोस, त्यामुळे टेम्पो एका अंगाला कलून निघाला. जासईजवळ देवजी तंबाखू घ्यायला उतरला. इंजिन सुरूच! बुवांनी उपरणं नाकाला लावलं मात्र, अरविंदरावांचा राम जागा झाला. त्यांनी वाकून किल्ली फिरवली. शांतता!

"बघा बुवा, किती सोपं आहे!"

देवजी तंबाखू मळत आला आणि तसाच थबकला. "सायेब, इंजिन कोनी बंद केला?"

"मी! उभ्या गाडीनं धूर कशाला सोडायचा?"

"सायेब, बॅटरी मेलेली हाय! सकाली सहा मानसांनी ढकलली तवा पेटली!"

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुमी किल्लीला हात लावाल, ह्ये मना काय सपान परलंता?"

घड्याळात पावणेअकरा. रामजन्म बाराला. राम काही कुणासाठी थांबत नाही! अरविंदरावांच्या कपाळावर घर्मबिंदू नव्हे, घर्मधारा लागल्या. शेवटी पेटीवाले, तबलजी आणि अरविंदराव मागे लागले. टेम्पो हलेना. मग बुवांनीच उपरणं कमरेला कसलं.

"सीताकांतस्मरण जय जय राम!"

एक रेटा! टेम्पो वीतभर सरकला. मिठागरावर निघालेली शेवंताबाई पाटी उतरवून हसत उभी राहिली. "बुवा, देवाचा रथ वरताव का?"

"रथच ओढतोय, पण देवाचा कुठला, यांचा!" बुवांनी अरविंदरावांकडे बोट केलं. "तूही लाव गं हात, पुण्य लागेल!"

शेवंताबाईने एका हाताने असा रेटा दिला की टेम्पो खोकला, शिंकला आणि पेटला. त्याबरोबर बुवांचं पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत काळं!

बाराला पंचवीस मिनिटं कमी असताना टेम्पो मंडपापाशी पोचला. नेमका बोर्डाला पाठ करून उभा राहिला.

"कीर्तन झालं की मला लगेच पनवेल गाठायचंय," बुवा उतरता उतरता म्हणाले. "आणि मी आता रामालासुद्धा ढकलणार नाही. इंजिन बंद होता कामा नये!"

"मघाच्या ढकलाढकलीपासना उबा ऱ्हायला की आपोआप मरतो ह्यो, ॲक्सिलेटर दाबून बसाला लागल," देवजी म्हणाला आणि जरा घुटमळला. "पन सायेब, आवशीनं सांगितलाय, रामाच्या पालन्याची दोरी वरून ये म्हनून..."

अरविंदरावांनी मंडपाकडे पाहिलं. चिपळ्या वाजल्या. तीन वर्षांची पत्रं डोळ्यांपुढून सरकली. मग त्यांनी देवजीकडे पाहिलं.

"जा, आईसाठी दोरी ओढ," ते म्हणाले आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

तासभर घुर्रर्र! अभंगाचा एक शब्द कानी येईना. मधूनमधून मंडपात हशा तेवढा उसळत होता.

साडेबाराला चारुलताबाई सुंठवडा घेऊन खिडकीशी आल्या, पदर नाकाला लावून.

"झाला का गं रामजन्म?"

"झाला की! बुवांनी उत्तररंगात तुमचंच आख्यान लावलं. लोक हसून हसून लोळले!"

"मला काही ऐकूच आलं नाही, या मेल्या इंजिनापायी!"

बाईंनी मागे जाऊन बोर्ड पाहिला. धुरानं काजळून 'हुकमावरून' एवढंच उरलं होतं. त्या परत आल्या आणि नवऱ्याच्या तळहातावर सुंठवडा ठेवत म्हणाल्या,

"मग, नवीन नाव काय ठरवलंत? पाळणा बांधलेलाच आहे, बारसं उरकून घेऊ!"