तिरप्या अक्षरांचा मल्लिनाथ

आमच्या शेजारच्या मल्लिनाथला सरळ उभं अक्षर बघवत नाही. लाइटबिलसुद्धा तो मान वाकडी करून वाचतो. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दहा वर्षं झाली, कॉम्प्युटरवर स्वतःची मराठी अक्षरं घडवतोय. सगळी पुढं झुकलेली, टोकं कापलेली, मागून वारा लागल्यासारखी.

"सरळ अक्षर म्हंजे स्टँडवर लावलेली गाडी, मावशी. माझं अक्षर निघालेलं हाय. पुढच्या काळाचं हाय," असं तो म्हणतो. पुढचा काळ येईपर्यंत गिऱ्हाईक टिकलं पाहिजे, हे मी त्याला सांगितलं. ऐकलं नाही.

पिठाच्या गिरणीला त्यानं असा बोर्ड करून दिला, की लोक तिथं मोटरसायकली दुरुस्तीला आणू लागले. मागच्या गल्लीतले एक आजोबा वारले, तर श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर त्यांचं नाव याच अक्षरांत, आणि नावामागं वेगाच्या रेघा. त्यांची बायको बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, जन्मभर ह्यांना अंघोळीला उठवायला दहा हाका माराव्या लागल्या, आणि आता एवढी घाई कसली?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी अजून अक्षराला अक्षर लावून वाचते. म्हणूनच त्यानं मला परीक्षक केलं. मावशीला न अडखळता वाचता आलं, तर अख्ख्या सोलापूरला येईल, असा त्याचा हिशेब. रोज दुपारी एक कागद घेऊन येतो. मी अडखळले की तोंड पाडून कागद परत नेतो आणि ते अक्षर पुन्हा घडवतो. मी खोटं पास कधी केलं नाही. त्याचा 'ध' कोणता आणि 'घ' कोणता, मला चार महिने कळेना, तर चार महिने नापास केला. एकदा म्हटलं, जरा कमी झुकव. त्यावर दोन दिवस आला नाही.

गेल्या आठवड्यात आणलेल्या कागदावर कुठल्या दुकानाचं नाव नव्हतं. एकच ओळ होती. मी बोट ठेवून वाचली, "मल्लू, ऊट आतेन?"

म्हणजे, मल्लू, जेवलास का? त्यांच्या घरात कानडी बोलतात, आणि माझं माहेर कर्नाटकच्या हद्दीवरच्या मैंदर्गीचं, म्हणून मला कळलं. मल्लू त्याला फक्त त्याची आई म्हणायची. ती दिवाळीआधी गेली. आता घरात तो एकटाच.

मी कुठं अडले नव्हते. पास झालास, असं सांगितलं. दहा वर्षांचं काम झालं, माणसानं हसावं की नाही? तो भिंतीकडं बघत राहिला.

"पुन्हा एकदा वाचा की, मावशी. शेवटचं नीट दिसंना झालंय वाटतं."

चांगलं दिसत होतं. तरी मी पुन्हा म्हटलं. या वेळी कागद खाली ठेवून, त्याच्याकडं बघून.

"न्हाय," तो म्हणाला.

तीन वाजून गेले होते. मी उठून ताट घेतलं.