दोन दातांची गिटार

दहा महिन्यांत रियाच्या तोंडात आईच्या परवानगीशिवाय काहीही गेलेलं नाही, असं दीक्षाचं ठाम मत होतं आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतही असे. कडावच्या त्या घरात तिने खुर्च्यांच्या पायांना मोजे चढवले होते. फिनेलची बाटली माळ्यावर, माळ्याची शिडी पडवीत, आणि पडवीला कडी. सून बी.एस्सी. केमिस्ट्री असल्याचा परिणाम म्हणून जनाबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, धुण्याचा सोडासुद्धा मागून घ्यावा लागे. नवरा मिलिंद साजगावच्या कारखान्यात सेफ्टीचं काम बघायचा. तो म्हणायचा, ड्यूटीवर गेलं की जरा मोकळं वाटतं.

अशा घरात एका सकाळी दीक्षा आंघोळ करून बाहेर आली, तर रियाने भिंतीला टेकवलेली गिटार बुडाशी धरली होती आणि मक्याचं कणीस खावं तशी ती कुरतडत होती.

दीक्षाने आधी कोणी पाहिलं का ते बघितलं. मग मुलीला उचललं. मग गिटार. खालच्या कडेला रियाच्या दोन नव्या दातांच्या बारीक खाचा पडल्या होत्या आणि तेवढ्या जागेचं पॉलिश गायब होतं. ते कुठे गेलं असेल हे समजायला केमिस्ट्रीची गरज नव्हती. रिया मात्र मिटक्या मारत होती.

गिटार होती सासऱ्यांच्या वडिलांची. धाकलूबाबा माथेरानच्या हॉटेलात कामाला असत आणि रात्री गावच्या गायन पार्टीत वाजवत. ते गेल्यावर गिटार माळ्यावर गेली. यंदा बुद्धपौर्णिमेला विहारात जुन्या गायन पार्टीचे फोटो नि वाद्यं मांडायची ठरली, म्हणून सासऱ्यांनी, कमळाकररावांनी, ती खाली काढली होती आणि आठवडाभर ते तिच्या आजूबाजूने एखाद्या पाहुण्याभोवती फिरावं तसे फिरत होते.

दीक्षाने मोबाइल उघडला. जुन्या रंगांत, पॉलिशात शिसं असू शकतं, वस्तू जितकी जुनी तितकी शक्यता जास्त, आणि लहान मुलांच्या पोटात शिसं जाणं वाईट, एवढं वाचून तिने पुढचं वाचणं थांबवलं. कर्जतच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी संध्याकाळी घेऊन या म्हटलं आणि वर विचारलं, वस्तू किती जुनी आहे, काही कल्पना?

म्हणजे आता गिटारचं साल शोधणं आलं. सासऱ्यांना सरळ सांगून विचारता आलं असतं. पण मग त्या ठाम मताचं काय करायचं? शेवटी ती अगदी सहज, झाडू मारता मारता बोलल्यासारखी म्हणाली, "बाबा, ही गिटार किती जुनी असेल?"

लग्नाला चार वर्षं झाली, सुनेने धाकलूबाबांबद्दल काही विचारल्याची ही पहिलीच वेळ. कमळाकरराव हातातला पेपर खाली ठेवून उठलेच.

"छप्पन सालची, पोरी. धम्मदीक्षेच्या सालची."

कमळाकररावांच्या हिशेबात चांगली गोष्ट छप्पन सालचीच असे. गावची विहीर छप्पनची, दारचा फणस छप्पनचा. ते स्वतः सहासष्टचे, याचं त्यांना थोडं वाईटच वाटायचं.

"नक्की का?" दीक्षाने झाडू थांबवून विचारलं.

"अगं, पॉलिश बघ की. अजून कसं चकाकतंय. आताच्या मालाला असलं तेज हाय का? जुनं काम हाय ते, अस्सल."

अस्सल हा शब्द ऐकून दीक्षाला घाम फुटला.

तिने नेरळच्या हर्षलाला फोन लावला. हर्षला तिची कॉलेजची मैत्रीण, आणि तिचा नवरा गिटारचे क्लास घेतो. नवरा क्लासमध्ये होता. पण इतकी वर्षं त्याच्यासोबत राहून हर्षला स्वतःला निम्मी तज्ज्ञ समजत होती. तिने सांगितलं की मधल्या भोकातून आत बघायचं, तळाला कागदाचं लेबल असतं, मॉडेल, नंबर सगळं तिथे. दीक्षाने तारा बाजूला सारून बॅटरी लावलेला मोबाइल आत घातला आणि फोटो काढायला लागली. कमळाकरराव शेजारी उकिडवे बसले होते. ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात तसे, फक्त आनंदात.

लेबल निम्मं कसरीने खाल्लं होतं. उरलेल्यात इंग्रजीत मॉडेल असं लिहिलं होतं आणि पुढे आकडा होता, छप्पन.

बस्स. कमळाकररावांनी फोटो पाहिला, चप्पल पायात घातली आणि गेले. मॉडेल म्हणजे प्रकार, साल नव्हे, हे सांगायला दीक्षा दारापर्यंत धावली, पण तोवर ते नाक्यावरच्या किराणा दुकानात पोहोचले होते. दुकानातून बातमी दूध डेअरीवर गेली आणि डेअरीवरून विहार कमिटीचा सेक्रेटरी नवनाथ याच्याकडे गेली, तेव्हा ती गिटार छप्पन साली नागपूरला जाऊन आलेली होती.

इकडे दीक्षा घायकुतीला आली होती. हर्षलाने फोनवरच पुढचा धडा दिला. स्क्रू बघ, एकच चीर असली तर जुने. एकच चीर होती. लाकूड बघ, भोकाच्या कडेला थर दिसतात का. दिसत होते. त्याचा अर्थ काय, हे नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. मग म्हणाली, "पत्ता असेल तर पिनकोड बघ गं. आपल्याकडे पिनकोड बहात्तरला आले."

कंपनीचं नाव कसरीने खाल्लं होतं, पण पत्ता कलकत्त्याचा होता आणि शेवटी सहा आकडे होते. दीक्षाने फोन छातीशी धरला. एका फोटोत गिटार सोळा वर्षांनी तरुण झाली! पण बहात्तरसुद्धा तिला जुनंच वाटत होतं. तिला दोन हजार पंधराची हवी होती.

कमळाकरराव नवनाथला घेऊन परत आले. जनाबाईंनी गवती चहा घालून चहा ठेवला. नवनाथने खिशातून कार्ड काढलं, गिटारखाली ठेवायला. "काका, साल छप्पन लिहू ना?"

"लिही की रं."

"बहात्तरच्या आधीची नाही ही," दीक्षा म्हणाली. "पिनकोड आहे आत."

 कमळाकररावांनी गिटारकडे पाहिलं, मग सुनेकडे. जनाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं की हिला ती विकायची हाय का, सकाळपासून मोबाइलवर काय चाललंय. दीक्षा म्हणाली विकायची नाही, आणि आणखी नवी निघाली तर बरंच होईल. हे बोलायला नको होतं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"माझ्या बापानं रातच्या रात या गिटारवर काढल्यात," कमळाकरराव हळू आवाजात म्हणाले. "तिचं वय कमी करून तुला काय मिळणार हाय, पोरी?"

तो आवाज ऐकला आणि दीक्षाचा सगळा बंदोबस्त ढासळला.

"रियाने चावलीय ती, बाबा. पॉलिश पोटात गेलंय तिच्या. जुनं असेल तर त्यात शिसं असतं. माझं लक्ष नव्हतं."

नवनाथने कार्ड परत खिशात ठेवलं. कमळाकरराव खाली वाकले, खाचांवर बोट फिरवलं आणि साल, मॉडेल, धाकलूबाबा सगळं विसरून नातीला उचलून तिचं तोंड उघडून बघायला लागले. तेवढ्यात जनाबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या.

"आजच नाय चावली. गिटार खाली काढल्यापासून चावतीय," त्या म्हणाल्या. "तू आंघोळीला गेलीस की तिला तेवढंच पाहिजे. गप बसते."

दीक्षा बोटांवर दिवस मोजायला लागली.

"आणि पॉलिश कसलं जुनं? गेल्या उन्हाळ्यात दाराला पॉलिश केलं, त्यातलं उरलं होतं. हे बहिणीकडं खालापूरला गेले होते. माळा झाडायला चढले, तर गिटार भाजलेल्या वांग्यासारखी दिसत होती, दोन हात मारले."

कमळाकररावांचं अस्सल काम गेल्या उन्हाळ्याचं निघालं. पण आता त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. "डबा कुठाय त्याचा?" ते ओरडले.

डबा मागच्या दारी होता. त्यात जनाबाईंनी गवती चहा लावला होता.

नवनाथचा कप ओठाजवळच थांबला. दीक्षा धावत गेली आणि ओल्या मातीत पालथी पडून गंजक्या डब्यावरचा कागद वाचू लागली. सासरे बॅटरी धरून उभे होते, भर दुपारी. बनवल्याचं साल दोन वर्षांपूर्वीचं होतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की यात शिसं मिसळलेलं नाही. तिने ते तीनदा वाचलं. मग सासऱ्यांना वाचून दाखवलं. मग नवनाथला, कारण त्याने कप खाली ठेवला होता.

संध्याकाळी डॉक्टरांनी डब्याचा फोटो पाहिला, जुना थर खरवडला गेला नसावा असं म्हटलं, पण खात्रीला म्हणून रक्त तपासलं, आणि दोन दिवसांनी सगळं ठीक असल्याचं कळवलं. चावायला गाजर द्या म्हणाले. रियाने गाजर फेकून दिलं.

पौर्णिमेला विहारात निळ्या कापडावर गिटार मांडली होती. कार्डावर नवनाथने धाकलूबाबांचं नाव लिहिलं होतं. साल कोरंच सोडलं होतं, कारण कमळाकररावांनीच तसं सांगितलं होतं. सून शिकलेली आहे, तिने आत बघितलंय, म्हणाले.

खोपोलीहून आलेले एक निवृत्त मास्तर बराच वेळ वाकून बघत होते. त्यांनी खालच्या कडेच्या खाचांवर हळूच बोट ठेवलं. गायन पार्टी बैलगाडीने गावोगाव फिरायची, गाडीच्या साटीच्या फळ्यांवर घासून घासून अशा खुणा पडतात, असं त्यांनी जमलेल्या पोरांना समजावून सांगितलं. त्या काळी लोकांनी किती हाल सोसले, तेही सांगितलं. मग खात्री करून घ्यायला ते शेजारी उभ्या असलेल्या दीक्षाकडे वळले.

दीक्षाच्या कडेवरून रिया तोंड उघडून गिटारकडे झेपावत होती. तिला दोन्ही हातांनी आवरत दीक्षा म्हणाली, "हो सर. फार हाल."