उंबरठ्यावरची राक्षसीण, सर्वांसाठी खुली

नीळकंठरावांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि तेही जगाला वाटून टाकायचं ठरवलं. पुढचा सगळा घोळ तिथून झाला.

साल २००४. नीळकंठराव बालाघाटच्या तहसील कचेरीत नक्कल शाखेचे बाबू. दर रविवारी त्यांच्या बैठकीत चार मित्र सतरंजीवर बसत आणि फासे टाकत. कोणी सरदार, कोणी मांत्रिक होऊन लांजीच्या किल्ल्यातला खजिना शोधत. गोष्ट सांगणारे आणि नियम लावणारे अर्थातच नीळकंठराव. (कचेरीत त्यांचं शिपाईसुद्धा ऐकत नसे.) या खेळाचं त्यांनी चाळीस पानी पुस्तक केलं होतं.

एका रविवारी त्या चौघांपैकी एक, मलाजखंडच्या खाणीतले इंजिनिअर राजेंद्र, सायबर कॅफेतून एक कागद छापून घेऊन आले.

"भाऊ, अमेरिकेत अशा खेळाचे नियम सगळ्यायले खुले करून राह्यले. कोणीबी घ्या, आपला खेळ बनवा. पात्रं मात्र मालकाजवळच."

"उलटं हाय हे," नीळकंठराव म्हणाले. "कचेरीत माणसं बदलतात जी, नियम कोणाले देत नाही आपण."

म्हणून त्यांनी स्वतःचा परवाना लिहिला. परिशिष्ट अ, राखीव: सर्व नियम. परिशिष्ट ब, खुलं: सर्व पात्रं. कोणीही वापरावीत, बदलावीत, छापावीत. परवानगी कधीही मागे घेतली जाणार नाही. मूळ लेखकाचं नाव आणि पत्ता छापणं मात्र बंधनकारक. (कचेरीचा शिक्का मारायचा मोह त्यांनी मोठ्या कष्टाने आवरला.)

आता परिशिष्ट ब मध्ये एक राक्षसीण होती. ती उंबरठ्यावर उभी राहून प्रत्येक वाटसरूला प्रश्न विचारी आणि उलट उत्तर देणाऱ्याचे दोन डाव बुडवी. ती कोणावरून बेतली हे चारही मित्रांना ठाऊक होतं. नीळकंठरावांच्या पत्नी अहिल्याबाईंना तेवढं ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. कळलं असतं तर चहा बंद, बैठक बंद आणि रविवारही बंद.

तीन महिन्यांनी लालबर्रा गावचे तेजराम मास्तर परिशिष्ट ब मधली पात्रं घेऊन छापलेलं स्वतःच्या खेळाचं नवंकोरं पुस्तक घेऊन आले. दार अहिल्याबाईंनी उघडलं.

"चप्पल कुठी काढली?"

मास्तर थबकले. "पायरीखाली."

"पाय धुतले काय?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "वहिनी, तुमालेबी हा खेळ येते?"

"कोणता खेळ?"

मास्तरांनी भाबडेपणाने पुस्तक त्यांच्या हातात दिलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: 'मूळ राक्षसीण श्री. नीळकंठ देशकर, वार्ड सात, बालाघाट यांजकडून.'

नीळकंठराव आतून धावत आले. "मास्तर, हे परत घेता येईल काय?"

"नाही भाऊ. तुमीच लिवलं न, कधीच मागे घेतल्या जाणार नाही."

अहिल्याबाईंनी दारातच उभ्याने सगळं वाचलं.

"हिची ताकद अठरा?"

"हौ."

"अन् सरदाराची?"

"बारा."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. आपण वाचलो, असं नीळकंठरावांना वाटलं. (नक्कल शाखेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला आपल्याच कागदातलं 'बदलावीत' लक्षात राहू नये, हे विशेष.)

पुढच्या रविवारी अहिल्याबाई सतरंजीवर येऊन बसल्या. हातात वहीचं पान होतं. मास्तरही मुद्दाम लालबर्र्याहून आले होते.

"मीबी एक पात्र बदलून आणलं. तुमचा सरदार. परवानगी हाय न?"

नाही म्हणायची सोय नव्हती. अहिल्याबाईंनी वाचून दाखवलं: सरदाराचा आता बाबू झाला आहे. ताकद दोन. हत्यार, कापडी पिशवी. राक्षसिणीने पाठवल्याशिवाय कुठे जात नाही. खाली मूळ लेखकाचं नाव आणि पत्ता, अगदी नियमाप्रमाणे.

बैठक हसून हसून लोळली. नीळकंठरावांना सगळ्यांत जास्त हसू आलं. रविवार वाचला याचाच त्यांना इतका आनंद झाला होता. तेवढ्यात फासे पडले, बाबूला कोथिंबीर आणायचा हुकूम झाला आणि ते खरोखरच पिशवी घेऊन उठले.

पायरीवर चप्पल घालताना त्यांना आतून मास्तरांचा आवाज ऐकू आला.

"वहिनी, हा बाबूबी खुला हाय काय? कोणालेबी नेता येते?"

"खुलाच हाय," अहिल्याबाई म्हणाल्या. "वीस वर्षं झाले, पण अजून कोणी मागाले आलं नाही."