पहारेकरी जागा आहे

शिवणाच्या टेबलाच्या खणात स्टोअरकीपर मोजपट्टी शोधत होते आणि त्यांच्या हाताला लागला तो कागद. खाकी, जाड, बाई ब्लाउजचे कटिंग काढायला वापरतात तसला. पण त्यावर ब्लाउज नव्हता. घराचा नकाशा होता. त्यांच्याच घराचा. हॉल, स्वयंपाकघर, शिवणाची खोली, कोठीची खोली, एकूण एक दार जागच्या जागी. खाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते:

"हॉल. पूर्वेला मुख्य दार. दाराशी आरामखुर्ची. खुर्चीत पहारेकरी. पांढऱ्या मिशा, चष्मा कपाळावर.

जर पहारेकरी जागा असेल, तर चावी मिळणार नाही.

जर पहारेकऱ्याला चहा दिला, तर पहारेकरी झोपतो.

जर पहारेकरी झोपला असेल, तर चावी घे. दार उघड. घराबाहेर पडलीस की सुटलीस."

स्टोअरकीपरांनी कपाळावर हात नेला. चष्मा तिथेच होता. मिशांना हात लावून बघायची गरज नव्हती.

स्टोअरकीपर म्हणजे एका कारखान्यात चौतीस वर्षे भांडार सांभाळलेला माणूस. त्यांच्या सहीशिवाय तिथून साधा नटबोल्टसुद्धा हलला नाही. निवृत्त झाले, पण भांडार सुटले नाही. हॉलच्या भिंतीवर त्यांनी चाव्यांचा फळा ठोकला. अकरा खिळे, अकरा चाव्या, प्रत्येकीला पितळी बिल्ला. फळ्याखाली दोरीने बांधलेले रजिस्टर. चावी घ्यायची तर नोंद करायची: तारीख, वेळ, नाव, चावी क्रमांक, कारण, सही. घरात माणसे दोन, तरी नियम म्हणजे नियम. रोज संध्याकाळी ते तारीख, वेळ आणि क्रमांक तपासून शेवटी आपली बारीकशी सही ठोकत. कारणाचा रकाना मात्र ते कधी वाचत नसत. चौतीस वर्षांत त्या रकान्यात सगळ्यांनी एकच शब्द लिहिलेला त्यांनी पाहिला होता: "कामानिमित्त". तो काय वाचायचा?

आणि बाई म्हणजे त्यांची बायको. मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिवण शिकवलेले, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना शिवणबाई म्हणे. शांत बाई. कधी जोरात बोलल्या नाहीत, कधी भांडल्या नाहीत. आता तो शांतपणाच स्टोअरकीपरांना खटकू लागला. हल्ली बाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीनच्या सुमाराला बाहेर जात, ते डुलकी काढत असताना. दोरे, बटणे आणायला जात असतील असे ते धरून चालले होते. पण दीड महिन्यात घरात एक नवे बटण आलेले नव्हते.

कागद होता तसा घडी घालून त्यांनी परत ठेवला.

"अहो, सापडली का मोजपट्टी?" स्वयंपाकघरातून बाईंनी विचारले.

"नाही. म्हणजे, नकोच आता."

"चहा टाकू का?"

"चहा?" स्टोअरकीपर एवढ्या जोरात म्हणाले, की बाई हातात चमचा घेऊन बाहेर आल्या.

त्या दिवसापासून स्टोअरकीपरांनी चहा पिणे बंद केले. बंद केले म्हणजे, कप घ्यायचा, "वा" म्हणायचे आणि बाई आत वळल्या की खुर्चीशेजारच्या कुंडीत ओतायचा. पाचव्या दिवशी कुंडीतल्या झाडाने माना टाकल्या. सहाव्या दिवशी ते मेले. दिवसातून तीनदा कढत चहा मुळात गेल्यावर कुठलेही झाड मरेल, हे स्टोअरकीपरांच्या मनाला शिवलेसुद्धा नाही. त्यांनी सुकलेले एक पान पाकिटात घालून ठेवले. पुरावा म्हणून.

तरीही एक मन म्हणत होते, की बायको सदतीस वर्षांची आहे. म्हणजे वयाने नव्हे, संसाराने. इतकी वर्षे जिने डबा भरून दिला ती चहात काही घालेल कशी? त्या मनाचे तोंड गुरुवारी सकाळी कायमचे बंद झाले. बाई शिवणाच्या खोलीत कापड कापत होत्या. हात गुंतलेले, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावलेला. दार किलकिले. स्टोअरकीपर चाव्यांचे बिल्ले पुसत पुसत दारापर्यंत सरकले.

"मग, पहारेकऱ्याचं काय झालं?" फोनमधून एका पुरुषाचा भारदस्त आवाज आला.

"काय व्हायचंय! चहा दिला तरी जागाच. झोपायचं नाव घेत नाही."

"चहात काही चुकतंय का?"

"चहा बरोबर आहे हो. मी दहादा तपासला. देतेय मी, पण त्याला काही होतच नाही."

"मग मारून टाका सरळ. एका ओळीचं काम."

"मारून बघितलं की काल! तीनदा मेला आणि तिन्ही वेळा परत उठून दारात उभा!"

पलीकडचा माणूस खो खो हसला. स्टोअरकीपरांच्या तोंडचे पाणी पळाले. काल! काल जेवताना त्यांना ठसका लागला होता. एकदा नव्हे, तीनदा.

"बरं, उद्या तीनला भेटू," बाई म्हणाल्या. "कोठीतल्या बॅगेचंही बघायचंय. ती उचलल्याशिवाय दार उघडायला नको."

कोठीतली बॅग! स्टोअरकीपर पाय न वाजवता कोठीकडे गेले. कपाटावर त्यांची जुनी प्रवासाची बॅग होती. कुलूप लावलेली. त्यांनी ती जरा हलवून बघितली. आत काहीतरी होते.

खरे सांगायचे तर मरायची त्यांना तेवढी भीती वाटली नाही. वाटली ती दुसरीच. बाई गेल्यावर रोज संध्याकाळी रजिस्टर तपासायचे, आणि त्यात दुसऱ्या कुणाची नोंदच नसायची. हा विचार मनात आला आणि ते तिथेच एका पिंपावर बसून राहिले.

दुपारी त्यांनी कुलूपवाल्याला बोलावून कोठीच्या दाराला नवे लॅच बसवून घेतले.

"हे आता कशाला?" बाईंनी विचारले.

"उंदीर झालेत."

"उंदीर दार उघडून येतात?"

"हल्लीचे येतात."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि त्या आत गेल्या. ते बघणेही त्यांना संशयास्पद वाटले. कुलूपवाला जाता जाता म्हणाला, "काका, हे आपोआप बसतं बरं. आतून उघडत नाही. चावी कायम खिशात ठेवत जा."

"चावीची जागा फळ्यावर," स्टोअरकीपर ताठ होत म्हणाले. त्यांनी बारावा खिळा ठोकला, बारावा बिल्ला लावला आणि रजिस्टरमध्ये बाराव्या चावीची नोंद केली.

शुक्रवार उजाडला. अडीच वाजता स्टोअरकीपर आरामखुर्चीत आडवे झाले आणि व्यवस्थित घोरू लागले. एका डोळ्याच्या फटीतून त्यांना दिसले. बाई चपलांचा आवाज न करता आल्या. पहारेकरी झोपला आहे याची वाकून खात्री केली. चावी क्रमांक एक काढली. रजिस्टरमध्ये लिहिले. दार उघडले. आणि गेल्या. कागदावर होते तसे, ओळीने.

स्टोअरकीपर ताडकन उठले. बॅग! बाराव्या चावीची रीतसर नोंद करून त्यांनी कोठी उघडली, चावी लगेच खिळ्यावर परत टांगली, कारण चावी दारात ठेवणाऱ्या माणसांना त्यांनी आयुष्यभर मेमो दिले होते, आणि ते आत गेले. बॅग कपाटावरच होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. ती खाली घेताना कोपराचा धक्का दाराला लागला आणि मागे खट्ट असा आवाज झाला.

पहिली पाच मिनिटे त्यांनी दार ढकलले. पुढची दहा मिनिटे कुलूपवाल्याला शिव्या दिल्या. मग बॅगेचे कुलूप पिळून तोडले. आत त्यांचाच जुना लोकरी कोट निघाला, डांबरगोळ्या घालून ठेवलेला. म्हणजे बाईंनी काहीच नेले नव्हते. साडीसुद्धा नाही. ज्या बाईला बरोबर न्यायला काहीच नको, ती परत कशाला येईल? स्टोअरकीपर मांडीवर कोट घेऊन अंधारात बसले आणि त्यांना चक्क रडू आले.

दोन तासांनी मुख्य दार वाजले. बाईंचा आवाज आला, आणि मागोमाग तोच भारदस्त आवाज. स्टोअरकीपरांनी दोन्ही मुठी दारावर आपटल्या.

"जायचं तर जा! मी अडवणार नाही! पण मला सोडून जाऊ नकोस!"

बाहेर पावले थांबली.

"बाई, कोण ओरडतंय हो?" भारदस्त आवाजाने विचारले.

"आमचे हे आहेत वाटतं," बाई म्हणाल्या. "अहो, कोठीत काय करताय?"

"आधी दार उघड! बारा नंबरची चावी!"

"थांबा, नोंद करते."

"नोंद राहू दे गं!"

"असं कसं? नियम म्हणजे नियम." आतून त्यांना पेन कागदावर सावकाश सरकत असल्याचे ऐकू येत होते. "कारण काय लिहू?"

दार उघडले तेव्हा स्टोअरकीपरांच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. समोर एक टक्कल पडलेले, गोलमटोल गृहस्थ काखेत लॅपटॉप धरून उभे होते.

"हे डॉक्टर. दाताचे. आता निवृत्त झालेत," बाई म्हणाल्या. "वर्गात आमची जोडी आहे."

"कसला वर्ग?" स्टोअरकीपर गरजले. "मला मारायचा? सदतीस वर्षांनी पळून जायचं होतं तर तोंडाने सांगायचं होतंस!"

"सांगितलं की. लेखी सांगितलं." बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे धरले.

स्टोअरकीपरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि जन्मात पहिल्यांदा कारणाचा रकाना वाचला. मंगळवार: "प्रोग्रॅमिंगचा वर्ग, वाचनालय." शुक्रवार: "प्रोग्रॅमिंगचा वर्ग. आज जर-तर शिकवणार." पुढचा मंगळवार: "वर्ग. शब्दांचा खेळ करतेय, आपल्याच घराचा. दाखवीन." त्यापुढचा: "वर्ग. खेळातला पहारेकरी झोपत नाही." अशा बारा नोंदी होत्या. अकरांपुढे त्यांची स्वतःची बारीकशी सही होती. बारावी आजची होती: "वर्ग. डॉक्टरांना घेऊन येते, चहाला. कुंडीत ओतू नका."

स्टोअरकीपर खुर्चीत बसले. डॉक्टरांनी त्यांना पाणी आणून दिले. तोवर बाई लॅपटॉप उघडून पाचेक मिनिटे काहीतरी टकटक करत होत्या. मग त्यांनी तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"घ्या. चोरून कागद वाचण्यापेक्षा खेळून बघा. काय करायचं ते लिहायचं, मग तो सांगतो काय झालं."

पडद्यावर अक्षरे होती: "तू हॉलमध्ये आहेस. दाराशी पहारेकरी आहे. पहारेकरी जागा आहे."

स्टोअरकीपरांनी एका बोटाने लिहिले: चावी घे.

"पहारेकरी म्हणतो, आधी नोंद कर."

डॉक्टर फिसकन हसले. स्टोअरकीपरांनी लिहिले: चहा दे.

"पहारेकरी वा म्हणतो आणि चहा कुंडीत ओततो. झाड मरते."

"तुला ठाऊक होतं?"

"कुंडीतून आल्याच्या चहाचा वास येत होता हो."

त्यांनी बॅग उचलून पाहिली, कोट घालून पाहिला, शेवटी चिडून पहारेकऱ्याला मारलेसुद्धा. तो मेला आणि परत उठून उभा राहिला. अर्ध्या तासात ते घामाघूम झाले.

"ह्याला सुटकाच नाही! तुझ्या खेळात चूक आहे."

"सगळं केलंत," बाई म्हणाल्या. "एक सोडून."

स्टोअरकीपरांनी पडद्यावरच्या ओळी पहिल्यापासून वाचून काढल्या. मग त्यांनी अगदी हळू लिहिले: पहारेकऱ्याशी बोल.

"पहारेकरी दचकतो. त्याच्याशी आजवर कोणी बोललेले नाही. तो स्वतःहून चावी पुढे करतो आणि म्हणतो, जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण मला सोडून जाऊ नकोस."

डॉक्टरांनी एकाएकी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. स्टोअरकीपरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, मग परत पुसला.

"पुढे काय होतं?" त्यांनी विचारले.

"ते अजून लिहायचंय. मंगळवारी तीनला. झोपणार नसलात तर चला."

मंगळवारी पावणेतीनला स्टोअरकीपर नवा इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यापाशी उभे राहिले. चावी क्रमांक एक काढली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, क्रमांक लिहिला, नावाच्या जागी "दोघे" लिहिले. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडले. इकडे तिकडे बघून त्यांनी घाईघाईने लिहिले: "कामानिमित्त". आणि रजिस्टर सहीसाठी बाईंपुढे केले.

बाईंनी वाचले आणि पेन परत त्यांच्या हातात दिले.

"कारण नीट लिहा," त्या म्हणाल्या. "तोवर दार उघडणार नाही."