डबा क्रमांक दोनशे चौदा

दिग्रसचे सेवानिवृत्त भांडारपाल पुंडलिकराव यांच्या कॉम्प्युटरात एक अत्यंत गोपनीय फाईल होती. गल्लीतल्या कोणत्या घराने त्यांचे कोणते भांडे नेले आणि परत केले नाही, याची एकतीस वर्षांची साद्यंत नोंद तीत होती. प्रत्येक भांड्याला क्रमांक होता आणि प्रत्येक शेजाऱ्यापुढे शेरा: 'सवयीचे', 'मागितल्यास चिडतात', 'यांच्याकडून अपेक्षा नव्हती'. फाईल फुटली असती, तर त्यांना गल्लीत कोणी चहाला विचारले नसते.

म्हणून त्यांनी अख्खी डिस्कच एन्क्रिप्ट करून घेतली. आता किल्लीवाचून आतले अक्षरही कोणाला वाचता येणार नव्हते. किल्ली अठ्ठेचाळीस आकड्यांची होती; रोज लागत नसे, कॉम्प्युटरला संशय आला तरच तो मागे. कागद हरवतो, मोबाईल फुटतो, स्टीलला काही होत नाही, असा सर्वंकष विचार करून त्यांनी ती दोनशे चौदा क्रमांकाच्या डब्याच्या बुडाशी कोरून घेतली. भांड्यांवर नावे घालण्यात गफ्फारभाईंचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

"इतलं लंबं नाव कोनाचं हाय, काका?"

"शासकीय हाय," पुंडलिकराव म्हणाले. गोपनीयतेखातर त्यांनी हे बायकोलाही सांगितले नाही.

पुढच्याच महिन्यात नातीचे बारसे झाले. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी बावीस घरी बुंदीचे लाडू पाठवले, बावीस डब्यांतून. त्या क्रमांक आणि घर सांगत गेल्या, पुंडलिकराव फाईलीत टंकत गेले. आपण काय टंकतो आहोत याकडे त्यांचे लक्ष नव्हते. नोकरीतही ते कधी नव्हते. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि किल्ली मागू लागला.

"दोनशे चौदा नंबरचा डबा कोनाकडं गेला?" पुंडलिकरावांनी विचारले.

"मले काय मालूम?" वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमीच तं लिवून ठेवलं नं."

लिहून ठेवले होते, यात शंकाच नव्हती.

खरे कारण सांगण्यासारखे नसल्याने पुंडलिकरावांनी 'भांडी पडताळणी मोहीम' जाहीर केली आणि कोरीव अक्षर ओळखायला गफ्फारभाईंना घेऊन ते घरोघर डबे उलटे करत हिंडले. गल्ली हादरली. चार दिवसांत एकाहत्तर भांडी परत आली, तीही रिकामी नव्हेत; कशात शंकरपाळे, कशात लोणचे. वच्छलाबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पुंडलिकराव मात्र खंगत चालले. एकतीस वर्षांची भांडी जमा झाली होती आणि जमा दाखवायला फाईल उघडत नव्हती. दोनशे चौदा त्यांत नव्हताच.

"आता एकच घर राह्यलं, काका," गफ्फारभाई म्हणाले.

"कोनाचं?"

"तुमचं."

पुंडलिकरावांच्या फळीवरून दुसऱ्यांच्या नावाची सव्वीस भांडी निघाली. त्यांतल्या एका दुधाच्या गंजावर गुलनार असे नाव होते. ते गफ्फारभाईंनीच, स्वतःच्या बायकोचे, कोरले होते.

"याची नोंद कुठं हाय, काका?"

"हे वापरात हाय," पुंडलिकराव म्हणाले.

डबा अजून सापडलेला नाही. लाडवांसकट तो कोणा पाहुण्याकडे, तिथून आणखी कोणाकडे गेला असावा, तालुक्याबाहेरही असेल. तेव्हा वाचकांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे एकदा उलटे करून पाहावेत. अठ्ठेचाळीस आकडे दिसले तर कळवावे. दुसऱ्याचे नाव दिसले तर डबा होता तसा ठेवून द्यावा. पुंडलिकरावांची फाईल सध्या बंद आहे.