आनंदी प्रत, दुःखी प्रत

समुद्र ही निसर्गाची निर्मिती असली, तरी त्याचा मूड ही सर्वस्वी माणसाची जबाबदारी आहे. निसर्ग सकाळी लाटा सोडतो, संध्याकाळी सूर्य आत घेतो आणि बाकीचं आपल्यावर टाकून मोकळा होतो.

मालवणच्या बाजारात हे बाकीचं काम सारिका करते. तिचा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी ती पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढायची. नवरेमुलगे उजळ करता करता तिच्या लक्षात आलं, की जे नवऱ्याला चालतं ते किनाऱ्यालाही चालेल. सध्या मालवण तालुक्यातल्या सूर्यास्तांपैकी शेकडा सत्तर तिच्या दुकानात होतात, असा अंदाज आहे. (अंदाज तिचाच. उरलेले तीस टक्के ढगाळ हवेमुळे वाया जातात.)

एका सकाळी तोंडवलीचा जितेंद्र तिच्याकडे आला. किनाऱ्याला लागून त्याची माडांची जमीन आहे. वडिलांच्या मागे ती त्याच्या आणि मुंबईच्या थोरल्या बहिणीच्या, किशोरीच्या, नावावर झाली. कोल्हापूरचे एक गुळाचे व्यापारी रिसॉर्टसाठी जागा शोधत होते. जितेंद्रला जमीन विकून मालवणात ब्लॉक घ्यायचा होता. त्यासाठी व्यापाऱ्याला जमीन आवडायला हवी होती आणि बहिणीला नावडायला. फोटो मात्र त्याच्याकडे एकच होता : माड, वाळू, वर ओढून ठेवलेली होडी, दोन कुत्रे, दोरीवर वाळत घातलेला बायकोचा गाऊन आणि मागे समुद्र.

"सारिका, ह्येच्यो दोन प्रती कर," तो म्हणाला. "एक असली, की बघणाऱ्याक वाटाक व्हया, आताच्या आता थंय जावन ऱवाचा. दुसरी असली, की वाटाक व्हया, सही करून सुटाचा."

"दुसरी कोणाक धाडतलंस?"

"ताईक."

सारिकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. पण व्यवसायाचं म्हणून एक गांभीर्य असतं. तिने काम घेतलं.

आनंदी प्रतीत तिने उजेड वाढवला, ऊब वाढवली. वाळू साजूक तुपातल्या शिऱ्यासारखी झाली. समुद्राला तिने असा निळा दिला, की एखाद्या शाळेने तो गणवेशासाठी मागून घ्यावा. कुत्रे दोन्ही ठेवले, कारण जोडी दिसली की माणसाला घरच्यासारखं वाटतं. गाऊन काढला. (तो फुलाफुलांचा होता, पण ती फुलं निसर्गात बसत नव्हती.)

दुःखी प्रतीत गाऊन गेलाच, ऊबही गेली. सावल्या दाट केल्या, कडा काळवंडल्या, आकाश हातभर खाली ओढलं, माडांमध्ये धुकं सोडलं. समुद्र राखेच्या रंगाचा झाला. माड तर असे दिसू लागले, की मुंबईहून कुणाची तरी तार येणार आहे आणि ती त्यांना आधीच कळली आहे. तरी काहीतरी कमी होतं. सारिकाने थोडा विचार केला आणि एक कुत्रा पुसून टाकला.

"आता बरां झाला," ती म्हणाली. "आता ह्यो एकटो."

जितेंद्र बराच वेळ बघत राहिला. "माझ्या जमिनीक काय झाला गो?" त्याने हळूच विचारलं.

दोन्ही प्रती त्याच दिवशी रवाना झाल्या. बहिणीच्या प्रतीखाली त्याने लिहिलं, 'बघ, हय आता काय उराक नाय.'

किशोरीने फोटो ऑफिसात, डबा खाताना उघडला. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचे डोळे सुजले होते. "तो कुत्रो बघ कसो उभो आसा," ती मुलीला, रियाला म्हणाली. "आणि मी हय एसीत बसलंय."

रियाने फोटो पाहिला. "आई, कसलं शांत आहे! आपलं असं काही आहे हे सांगितलंच नाहीस कधी!" तिने तो स्टेटसला ठेवला आणि खाली 'शांतता' एवढाच शब्द लिहिला. रात्रीपर्यंत तिला चौकशीचे मेसेज येऊ लागले. (मुंबईत दुःख मुबलक आहे, पण त्याच्यामागे धुकं मिळत नाही.) किशोरीने भावाला फोन केला. "जितू, मी सही करूचंय नाय. मी येतंय."

गुळाच्या व्यापाऱ्यांचाही फोन आला. "लई ऊन हाय ओ तुमच्यात. गिऱ्हाईक भाजून निघंल. हे बघा, आमच्या पोरानं कुठनं तरी धाडलाय फोटो. असली जागा असंल तर सांगा."

पाठोपाठ जितेंद्रच्या मोबाइलवर दुःखी प्रतच येऊन पडली. खाली 'शांतता' लिहिलेलं होतं.

"साहेब, ही माझीच जागा," जितेंद्र शुद्ध मराठीत कळवळून म्हणाला.

"चेष्टा करता काय? तुमच्यात दोन कुत्री हायत!"

तरी ते रविवारी यायला कबूल झाले. किशोरी आणि रियाही रविवारीच येणार होत्या. जितेंद्र धावत सारिकाकडे गेला. ती म्हणाली, "मी फोटो करतंय, हवा नाय." मग त्याच्या हाती होतं तेवढं त्याने केलं. एक कुत्रा घरामागे बांधला आणि दोरीवरचा गाऊन उतरवला.

"कुत्र्याक कित्याक बांधलास?" सुभद्रा, त्याची बायको, विचारू लागली.

"तो फोटोत नाय."

"आणि माझो गाऊन?"

"तो खंयच्याच फोटोत नाय."

"म्हणजे मी हय ऱवतंय, ह्या कोणाक कळूक नको," ती म्हणाली आणि ओल्या गाऊनसकट आत गेली.

रविवारी फोंडाघाटमार्गे व्यापारी आले, कणकवलीला रेल्वेतून उतरून मायलेकी आल्या. सगळे किनाऱ्यावर उभे राहिले आणि सगळ्यांनी मोबाइल वर धरले. समोर जमीन होती. पण ती फोटोशी जुळते का हे बघण्यापुरतंच सगळे तिच्याकडे बघत होते. एवढ्यात घरामागचा कुत्रा दावं तोडून आला आणि आपल्या जोडीदाराशेजारी बसला.

किशोरीने मोबाइलकडे पाहिलं, कुत्र्यांकडे पाहिलं, मग भावाकडे.

"जितू, ह्यो दुसरो खंय गेल्लो?"

"सारिकान पुसल्यान."

"कित्याक?"

जितेंद्र पायाने वाळू उकरत राहिला. "तुका वाईट दिसाक व्हया म्हणान."

किशोरीने मोबाइल पिशवीत टाकला. मग म्हणाली, "सरळ मागलं असतंस, तर फोनारच हो म्हटलं असतंय. माका काय करूची हुती जमीन? माका वाटला, तू हय एकटो पडलंस. त्या कुत्र्यात माका तूच दिसलंस रे." आणि मग पदराने डोळे पुसून, "आता मात्र सही देवचंय नाय."

जितेंद्रला पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याला कुणीतरी फोटोतून पुसून टाकलं तर बरं.

या कौटुंबिक प्रसंगात व्यापारी अवघडून उभे होते. "ते धुकं कवा येतं?" त्यांनी सुभद्राला विचारलं.

"धुका? बसा, चूल पेटवतंय."

तिने नारळाची ओली सोडणं चुलीत घातली. धूर माडांमधून पसरला. व्यापाऱ्यांनी खोकत खोकत चांगले दहा-बारा फोटो काढले. नंतर नारळाच्या रसाबरोबर घावणे खाताना ते म्हणाले, "जमीन ऱ्हाऊ द्या. ऱ्हायला खोली हाय का?"

खोली नव्हती. पुढच्या हंगामात दोन झाल्या, बहीणभावाच्या भागीदारीत. जाहिरातीत दोन्ही प्रती आहेत : आनंदी प्रत कुटुंबांसाठी, दुःखी प्रत एकट्यांसाठी. दोन्ही प्रकारचे पाहुणे येतात, आल्या आल्या फोटो काढतात, पायरीवर बसून तो बोटाने हवा तसा करतात आणि समाधानाने परत जातात. अजून एकही तक्रार आलेली नाही.

वाचकांनाही तक्रारीला जागा नसावी. इथवर येताना तोंडवलीचा समुद्र तुमच्या डोळ्यांसमोर छान उभा राहिला असेल. सारिकाने त्याला दिलेले दोन्ही रंग मी सांगितले. त्याचा स्वतःचा रंग कोणता, हे मी एकदाही सांगितलेलं नाही. आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही.